घर गहाण ठेवून लंडनला शिकायला जाऊ का?

तू पत्रात मला ताई म्हटलंयस म्हणून एकेरीतच लिहिते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 25, बी.कॉम., मायक्रोफायनान्स (गरीब कुटुंबांना छोटी कर्जं देणाऱ्या) कंपनीत 14 महिने झाले, पगार हातात 38 हजार, लंडनला फायनान्स आणि आर्थिक विकास या विषयात एक वर्षाच्या एमएससीला अ‍ॅडमिशन मिळालंय, कोर्स येत्या सप्टेंबरपासून. खर्च सगळा धरून 36 लाख, त्यातले 6 लाख घरचे आणि 30 लाखांचं लोन साडेदहा टक्क्यांनी, 10 वर्षांसाठी, सांगलीचं घर तारण. बाबा जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, दोन वर्षांनी रिटायर होतायत.

विषय तुझ्यासाठी अगदी योग्य आहे, याबद्दल मला शंका नाही. जत, कवठेमहांकाळच्या कर्जदार बायकांच्या सेंटर मीटिंगमध्ये बसून जिला प्रश्न पडतो की या कर्जाने बाईचं उत्पन्न खरंच वाढतंय की फक्त एक कर्ज फेडायला दुसरं निघतंय, तिने हे शिकलंच पाहिजे. माझी काळजी आहे ती हप्त्याची.

30 लाखांवर 10 वर्षांचा हप्ता होतो साधारण साडेचाळीस हजार. पण कोर्सचं वर्ष आणि पुढचं एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, तेव्हा व्याज मात्र चालूच असतं, ते भरलं नाही तर मुद्दल 36 लाखांच्या वर जातं आणि हप्ता 49 हजारांच्या आसपास. आता तूच तुझ्या कामाचा नियम आठव, रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या कर्जदार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. तो नियम स्वतःला लावून बघ, 49 हजारांच्या हप्त्याला 98 हजार हातात पडायला हवेत, आणि डेव्हलपमेंट क्षेत्रात भारतात परत आल्यावर पहिल्याच नोकरीत एवढे मिळतील हे धरून मी तरी कुणाचं घर तारण ठेवू देणार नाही.

तू म्हणशील तिकडेच नोकरी करीन. पगार पौंडात असेल तर हा हप्ता जड नाही हे खरंय, पण तारखा बघ. 1 जानेवारी 2027 पासून जे ग्रॅज्युएट व्हिसाला (शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याला) अर्ज करतील त्यांना मास्टर्सनंतर 2 वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार, आणि यंदा गेलीस तरी तू अर्ज करशील त्यानंतरच. म्हणजे कोर्स संपल्यावर 12 महिन्यांनी हप्ता सुरू होणार आणि त्यानंतर 6 महिन्यांत व्हिसा संपणार. पुढे राहायचं तर व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी लागते आणि वर्षाला सर्वसाधारणपणे 41,700 पौंड पगार, नव्याने कामाला लागणाऱ्यांना 33,400, आणि तुला आवडणाऱ्या छोट्या संस्थांपैकी स्पॉन्सर किती करतील हा प्रश्नच आहे. तोवर बाबा पेन्शनवर, आणि सहकर्जदार म्हणून सही त्यांची.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते, यंदा जाऊ नकोस. युनिव्हर्सिटीला आजच मेल कर की प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का आणि डिपॉझिटचं काय. मधल्या वर्षात चेव्हनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला, अर्ज कर. त्यात फी, विमानाचं तिकीट, राहण्याखाण्याचा खर्च सगळं येतं, अट म्हणजे शिकून झाल्यावर 2 वर्षं भारतात परत यायचं, जे तुला तसंही करायचंय. तुला वाटतंय 2 वर्षांचा अनुभव लागतो म्हणून आपलं जमणार नाही, पण ते अनुभव तासांत मोजतात, 2,800 तास, आठवड्याला 40 तासांनी 70 आठवडे. तुझे 60 झालेच आहेत, अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत घेतात. जे. एन. टाटा एन्डोमेंटची लोन स्कॉलरशिपही बघ, 1892 पासून चालू आहे.

बाबासाहेबांचीही बडोद्याची शिष्यवृत्ती 1917 मध्ये संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं होतं, मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि 1920 मध्ये परत गेले. थांबणं म्हणजे सोडणं नव्हे, एवढ्यासाठीच सांगितलं.

दुसरा रस्ता इथला. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून अर्थशास्त्रात एमएससी, खर्च तुझ्या 36 लाखांच्या जवळपासही जात नाही. आणि नाबार्ड ग्रेड ए, रिझर्व्ह बँक ग्रेड बी या अधिकारी भरतीच्या परीक्षा. ग्रेड बीच्या दुसऱ्या टप्प्यात आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि फायनान्स असे पेपरच आहेत, म्हणजे तुझाच विषय, आणि ओपनला वयोमर्यादा 30, तुझ्याकडे वेळ आहे.

शिष्यवृत्ती अर्धवट मिळाली आणि लोन 10-12 लाखांवर आलं तर खुशाल जा, तेव्हा हप्ता 13 ते 16 हजार होतो, तो इथल्या पगारातही निघतो. त्या वेळी शिकत असतानाचं व्याज दर महिन्याला भरत जा. टीसीएसची (परदेशी पैसे पाठवताना आधीच घेतल्या जाणाऱ्या कराची) भीती नको, बँकेच्या एज्युकेशन लोनमधून फी पाठवली तर तो लागत नाही. व्याजावरची करसवलत मात्र जुन्या कर पद्धतीतच मिळते, 8 वर्षं, तेव्हा नवीन पद्धतीत असशील तर ती हिशोबात धरू नकोस.

बँकेचं सँक्शन लेटर आलं असेल तर सही करायच्या आधी मला पाठव. व्याजदर फ्लोटिंग आहे का आणि सोबत विमा गळ्यात मारलाय का, या दोन गोष्टी मला त्यात बघायच्या आहेत.