वडील बाप्तिस्मा न घेता वारले. पाळक म्हणतात, ते नरकात आहेत. हे खरं का? आणि माझं तारण झालंय हे मला कसं कळावं?

तुमच्या पाळकांना हे कुठून कळलं? न्याय करायचं काम पित्याने पुत्राकडे सोपवलंय (योहान 5:22), पाळकांकडे नाही. प्रकटीकरण 20 मध्ये मोठ्या पांढऱ्या राजासनासमोर माणसांच्या कृत्यांची नोंद असलेली पुस्तकं उघडतात ती शेवटच्या दिवशी. त्याआधी ती कोणी चाळलेली नाहीत.

अंत्यविधीला जमलेल्या रडत्या माणसांना नरक दाखवून निर्णय घ्यायला लावण्यावरून एका उपदेशकांशी माझा जुना वाद आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. त्यांचा हुकमी उतारा म्हणजे लूक 16 मधली येशूने सांगितलेली गोष्ट. मेल्यावर श्रीमंत ज्वाळेत, भिकारी लाजर यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या उराशी, मध्ये मोठी दरी. दरी ओलांडता येत नाही, विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. दरी आहेच, ती मी बुजवायला निघालेलो नाही. पण ज्वाळेत कोण आहे ते तरी बघा! तो अब्राहामाला ‘बापा’ म्हणतो आणि अब्राहाम त्याला ‘मुला’ म्हणतो. म्हणजे हा परका नाही, घरचाच माणूस आहे. मोशे आणि संदेष्टे, म्हणजे त्यांचं शास्त्र, त्याच्या भावांच्या हाताशी आहे. दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडून होता आणि हा रोज चैन करत होता. (भिकाऱ्याला नाव आहे, श्रीमंताला नाही. उपदेशात हे सहसा येत नाही.)

हेच पुढे लावून बघा. मत्तय 7:22-23 मध्ये ज्यांना ‘माझ्यापुढून निघून जा’ असं ऐकावं लागतं, त्यांनी प्रभूच्या नावाने भुतं काढलेली आहेत. मत्तय 25 मध्ये न्यायाच्या वेळी उजवीकडची मेंढरं (नीतिमान) आणि डावीकडची शेरडं (दोषी) दोघंही चकित होतात, ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?’ आपला निकाल तिथे कोणालाच आधी ठाऊक नाही, मग शेजाऱ्याचा कुठून असणार? त्याच अध्यायात राज्य ‘तुमच्यासाठी’ सिद्ध केलेलं आहे आणि अग्नी ‘सैतान व त्याच्या दूतांसाठी’. हा फरक लेखकाने उगाच ठेवलेला नाही.

यावर उपदेशक योहान 3:18 काढतात, विश्वास न ठेवणारा दोषी ठरून चुकला आहे. बरोबर. पण 19वं वचन वाचायचं राहतं. दोष कशाचा? प्रकाश आला आणि माणसांनी अंधाराची आवड धरली. प्रकाश कोणापर्यंत किती पोचला आणि त्याने तो खरोखर नाकारला का, हे बाहेरून मोजता येत नाही. शिवाय शिक्षा सरसकट नाही. धन्याची इच्छा ठाऊक असलेल्या दासाला पुष्कळ फटके, ठाऊक नसलेल्याला थोडे (लूक 12:47-48). न्यायाच्या दिवशी सोर आणि सीदोन या परक्यांच्या शहरांना, येशूचे चमत्कार पाहिलेल्या खोराजिन आणि बेथसैदा या गावांपेक्षा सोपं जाईल (मत्तय 11:22). बाप्तिस्म्याचंच म्हणाल, तर येशूशेजारी वधस्तंभावर असताना ‘आज तू माझ्याबरोबर स्वर्गलोकात असशील’ असं ऐकलेल्या गुन्हेगाराला तो कधी मिळाला?

‘तारण पावणारे थोडेच आहेत काय?’ असं येशूला एकाने थेट विचारलं होतं (लूक 13:23). त्याने आकडा दिला नाही. ‘अरुंद दरवाजाने आत जायचा नेटाने प्रयत्न करा,’ एवढंच सांगितलं.

मंडळ्यांची मतं एक नाहीत. 1647 साली स्कॉटलंडच्या मंडळीने स्वीकारलेला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (प्रोटेस्टंट मतांचा अधिकृत जाहीरनामा) ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी वाट ठेवत नाही. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, त्यांच्यासाठी ती उघडी ठेवली. आणि कॅथलिक मंडळीने कित्येकांना संत ठरवलं, पण अमुक माणूस नरकात आहे असं नाव घेऊन कधी जाहीर केलेलं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न. योहान 5:24 (विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे) आणि रोम 8:1 (ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही) वाचा आणि त्यावर टेका. भावनेवर टेकलात की फसलात. विश्वास पुन्हा जागवायला भरणाऱ्या दर उज्जीवन सभेत हात वर करून तीच प्रार्थना पुन्हा करणारी माणसं याच भीतीतून तयार होतात. रात्री मनच दोष देऊ लागलं तर 1 योहान 3:19-20 वाचा: देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. बंधूंवर प्रीती आहे का, ही खूण त्याच अध्यायात, 14व्या वचनात आहे.

आणि हो, सगळेच शेवटी तरतील असं मी म्हणत नाही. तशी आशा धरणारा चौथ्या शतकातला बिशप निसाचा ग्रेगरी संत मानला जातो आणि तशीच आशा धरणाऱ्या त्याच्या आधीच्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताचं नाव 553 च्या मंडळीच्या परिषदेने पाखंड्यांत घातलं, इतका तो प्रश्न अवघड आहे. वडिलांसाठी प्रार्थना करावी का, हे तुमच्या मंडळीवर आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मृतांसाठी प्रार्थना करतात, बहुतेक प्रोटेस्टंट करत नाहीत. मात्र पाळकांना एकदा विचारा, हा निकाल त्यांनी कोणत्या वचनावरून दिला. वचन सांगितलंच, तर ते कोणाला उद्देशून आहे हेही त्यांच्याकडूनच वाचून घ्या.