मधला चेहरा कुणाचा?

प्रिय मुली,

तुझ्या मिश्र माध्यमातल्या कामांचे फोटो पाहिले. रंगाची जाण तुला उत्तम आहे. सोनेरी वर्ख, आफ्रिकी छापाचं कापड, मधे कृष्णवर्णी स्त्रीचा देखणा चेहरा. पण ही बाई कोण? चेहरा इंटरनेटवरचा, कापड बाजारातलं. दोघांचं एकमेकांशी नातं मला सापडलं नाही.

कृष्णवर्णी अमेरिकी कलाकार बेटी सार यांचं १९७२ मधलं 'द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा' निवांत बघ. जेमतेम फूटभर उंचीची पेटी. आत डोक्याला रुमाल बांधलेली, दात काढून हसणारी बाहुली. मुळात ती टिपणवही अडकवायची स्वस्त वस्तू. गुलामीच्या काळातल्या काळ्या मोलकरणीचं हे विद्रूप रूप 'आंट जेमायमा' या नावाने पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरून अमेरिकेत घरोघरी पोचलं होतं. सार यांनी बाहुलीला सुंदर केलं नाही. तिच्या हातातला झाडू राहू दिला आणि दुसऱ्या हातात बंदूक दिली. मागे त्याच पिठाची लेबलं, पायाशी कापूस. अपमानाची वस्तूच त्यांनी कामाला लावली, म्हणून ते काम आजही अंगावर येतं. कंपनीने तो चेहरा काढायचं जाहीर केलं २०२० साली!

दुसऱ्या कृष्णवर्णी अमेरिकी चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांच्या रजयाही बघ. १९८० मधली पहिली रजई त्यांनी आईसोबत केली. आई, विली पोझी, हार्लेममध्ये कपडे डिझाइन करायच्या.

मग कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात जा. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात. त्यांच्यापैकी अनेकींचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेले. सिद्दी म्हटलं की आपल्याला फक्त जंजिरा आठवतो, याचं मला फार वाईट वाटतं. या बायका कोकणी बोलतात, तुला संवाद जड जाणार नाही. त्या काठापासून सुरुवात करतात आणि तुकड्यांच्या कडा दुमडत, धावदोरा घालत मध्याकडे येतात. कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची 'फुलं' लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी मानतात.

तिथे फोटो काढण्याआधी सुई हातात घे. आणलेली कवंदी कापून चित्रात चिकटवू नकोस. विकत घेतलीस तर घासाघीस न करता पैसे दे. शिकवणारीला विचारून तिचं नाव प्रदर्शनाच्या पाटीवर लिही, तुझ्या नावाएवढ्याच अक्षरांत.

तुझ्या बाई