शब्दचर्चा: ‘ब्लेंड मोड’ला मराठीत काय म्हणावं?

मराठी माध्यमाच्या मुलांना फोटो एडिटिंग शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. फोटो एडिटिंगमध्ये एका चित्रावर दुसरं चित्र थरासारखं (लेयर) ठेवता येतं, आणि वरच्या थरातून खालचा कसा दिसावा हे ठरवणारी सोय म्हणजे ब्लेंड मोड. मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले ही त्यातल्याच मोडची नावं. वर्गासाठी मराठीत टिपणं काढताना त्यांनी ‘ब्लेंड मोड’ला ‘मिश्रण प्रकार’, ‘मल्टिप्लाय’ला ‘गुणाकार’, ‘स्क्रीन’ला ‘पडदा’, ‘ओव्हरले’ला ‘आच्छादन’ आणि ‘बर्न’ला ‘जाळणे’ असे शब्द लिहिले. ‘गुणाकार’पाशी एका मुलीने हात वर केला. ‘बाई, गुणाकार केला की वाढतं ना? मग फोटो काळपट का होतो?’ तेव्हापासून बाईंना शंका आहे की शब्दच चुकला असावा.

तो शब्द चुकलेला नाही, पाचांत तोच सर्वांत नेमका आहे. मुळात चुकलाय तो पहिला, ‘मिश्रण’. तो चुकला म्हणून बाकीच्यांचा अर्थ लागत नाही.

आधी त्या मुलीला उत्तर देऊ, कारण तिचा प्रश्न फार चांगला आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला बे ते तीसच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकीही पाठ असायची. निमकी म्हणजे निम्म्याने गुणणं. पाढाच तो, पण उत्तर प्रत्येक वेळी आकड्याच्या निम्मं. ‘पट’ म्हटलं की आपल्याला दुप्पट, तिप्पट आठवते, पण निमपट आणि पाऊणपटसुद्धा मराठीच आहेत. गुणाकाराने वाढ होते ती एकाच्या वरच्या आकड्याने गुणलं तर. मल्टिप्लायमध्ये एकाच्या वर आकडाच नसतो. संगणकात प्रत्येक बिंदूचा उजळपणा साधारणपणे ० ते २५५ असा मोजतात, पण गणित करताना २५५ला एक मानतात. पांढरा म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, मधला राखाडी म्हणजे अर्धा. राखाडीवर राखाडी ठेवा: अर्ध्याचा अर्धा पाव. आकड्यांत सांगायचं तर १२८ गुणिले १२८ भागिले २५५, म्हणजे ६४. दोन्हींपेक्षा गडद. हेच लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तिन्ही आकड्यांसाठी वेगवेगळं होतं.

शाळेच्या गणितात ‘अविकारक’ असा एक सुंदर शब्द आहे: ज्याने गुणलं तरी आकड्यात विकार होत नाही तो, म्हणजे गुणाकारात एक. मल्टिप्लायमध्ये पांढरा हा अविकारक. माझ्या आजीच्या पाककृतींच्या वहीतलं एक पान मी स्कॅन करून तिच्या फोटोवर ठेवलं होतं. नुसतं ठेवलं तेव्हा आख्खा फोटो पांढऱ्या कागदाखाली गेला. मल्टिप्लाय केल्यावर कागद नाहीसा झाला आणि तिचं किरटं अक्षर, ‘मेतकूट’च्या ‘मे’वरच्या मात्रेसकट, तिच्याच लुगड्यावर उमटलं. पांढऱ्याने गुणलेलं जसंच्या तसं राहिलं, शाईने गुणलेलं काळं झालं. पानाच्या कडेला हळदीचा डाग होता, तोही आला. त्याच्याखालचं लुगडं तेवढ्यापुरतं पिवळसर दिसत होतं, पण काठाची वीण लपली नव्हती.

आता ‘मिश्रण’. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला रंगमिश्रण ठाऊक असतं. पॅलेटवर पिवळा आणि निळा कालवला की हिरवा होतो, आणि मग तो पिवळा परत मिळत नाही. मिश्रणात घटक संपतात. ब्लेंड मोडमध्ये काहीच संपत नाही. वरचा थर वर असतो, खालचा खाली. थरांच्या यादीत वरच्या थराशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं की वरचा दिसेनासा होतो आणि खालचा जसाच्या तसा हजर. मोड बदलला की तेच दोन थर तिसरंच काही दाखवतात. बदलतो तो फक्त हिशेब: वरच्याचा आकडा आणि खालच्याचा आकडा घेऊन डोळ्यांना दिसणारा तिसरा आकडा कसा काढायचा. फोटोशॉपमध्ये हे थर आले ते १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि तेव्हापासून ‘मूळ चित्र न मोडता’ काम करण्याची सवय सगळ्या क्षेत्राला लागली. त्यासाठीचा शब्द मोडतोडीचा असू नये.

म्हणून मला ‘मेळ’ हा शब्द हवासा वाटतो. आपण जमाखर्चाचा मेळ घालतो, तिथे आकडे असतात. दोन स्वरांचा मेळ बसतो, तिथे दोन्ही स्वर शाबूत असतात. ब्लेंड मोडला या दोन्ही गोष्टी लागतात. ‘मोड’ला ‘रीत’ पुरे. वरच्या थराचा खालच्या थराशी मेळ कोणत्या रीतीने घालायचा, ती मेळाची रीत. ‘संमिश्रण कार्यप्रणाली’ असलं काही छापू नका, पोरं पहिल्याच ओळीला वही मिटतील.

मल्टिप्लाय प्रत्यक्षात दिसतो तो दिवाळीत. आकाशकंदील करताना पिवळा जिलेटीन कागद आणि आकाशी जिलेटीन कागद जिथे एकमेकांवर चढतात तिथे हिरवा पट्टा दिसतो, आणि तो दोन्हींपेक्षा गडद असतो. पिवळ्याने निळा उजेड अडवला, आकाशीने लाल अडवला, उरला तो हिरवा. प्रत्येक कागद आपल्या वाट्याचा उजेड खातो आणि उरलेलाच पुढच्याला मिळतो. हाच तो गुणाकार. शिळाछापाच्या रंगीत चित्रांतही हेच होतं. राजा रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवादिकांच्या चित्रांत एकेका रंगाचा वेगळा दगड असे आणि एका शाईवर दुसरी शाई चढत चढत चित्र पुरं होई.

याच्या उलट पैठणीचा धूपछाव रंग पाहा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. दुरून तिसराच रंग दिसतो, पण तो दोन्हींच्या मधला असतो, दोन्हींपेक्षा गडद कधीच नसतो, कारण डोळा तिथे सरासरी काढतो. नॉर्मल, म्हणजे नेहमीच्या साध्या मोडमध्ये वरच्या थराची ओपॅसिटी (अपारदर्शकपणा) पन्नास टक्के केली की हीच सरासरी मिळते. आणि नॉर्मल मोड, ओपॅसिटी पूर्ण, म्हणजे भिंतीला ऑइलपेंटचा दुसरा हात: खालचं काही दिसायचं नाव नाही.

‘स्क्रीन’ला ‘पडदा’ म्हणणं मात्र नक्की चुकतं. पडदा झाकतो, आणि हा मोड झाकत नाही, उजळवतो. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीच्या मदतपानांवर या मोडची तुलना एकावर एक स्लाइड प्रोजेक्टरने टाकण्याशी केलेली आहे, त्या अर्थाने हा सिनेमाचा पडदा. पण ती तुलनाही ढोबळ आहे. दोन प्रोजेक्टरांचा उजेड एकाच जागी पडला तर त्याची बेरीज होते, अर्धा अधिक अर्धा म्हणजे पूर्ण पांढरं. तशी बेरीज करणारा मोड वेगळा आहे, ‘लिनियर डॉज’. स्क्रीनमध्ये उजेडाचा नाही, उणिवेचा गुणाकार होतो. पांढऱ्याला किती कमी पडतं ती प्रत्येक थराची उणीव. दोन्ही राखाडींची उणीव अर्धी-अर्धी. अर्ध्याची अर्धी पाव. एकातून पाव उणीव वजा केली की पाऊण उजेड, म्हणजे १९२ च्या आसपास. उणीव उणिवेने गुणली की ती घटते, म्हणून चित्र उजळतं, आणि तरी एकाच्या पुढे जात नाही. वर्गात याला ‘उणिवांचा गुणाकार’ म्हणा. आधीच्या तासाला गुणाकार कळला असेल तर हा दोन मिनिटांत कळतो. इथे अविकारक काळा. म्हणून काळ्या आभाळावरची फटाक्यांची आतषबाजी फोटोवर आणायची तर स्क्रीन: आभाळ गळून पडतं, ठिणग्या राहतात.

‘आच्छादन’सुद्धा मी काढून टाकेन. ओव्हरले काही झाकत नाही. तो खालच्या थराला विचारतो: तू गडद आहेस की उजळ? गडद असेल तिथे दुपटीने मल्टिप्लाय करतो, उजळ असेल तिथे दुपटीने स्क्रीन. मराठीत आपण ‘समोरच्याच्या कलाने घेणं’ म्हणतो ना, तसा हा खालच्याच्या कलाने घेणारा मोड. हेच सूत्र वरच्याच्या कलाने चालवलं की त्याला ‘हार्ड लाइट’ म्हणतात. म्हणजे मल्टिप्लाय आणि स्क्रीन क्रमनिरपेक्ष आहेत, थरांची अदलाबदल केली तरी चित्र तेच. ओव्हरलेमध्ये अदलाबदल केली की चित्र बदलतं. आणि त्याचा अविकारक मधला राखाडी. ही एक गोष्ट मुलांनी स्वतः करून बघावी, फार आनंद होतो.

‘डॉज’ आणि ‘बर्न’ हे शब्द संगणकाचे नाहीतच, डार्करूमचे आहेत, म्हणजे फिल्मवरून कागदावर फोटो काढायच्या अंधाऱ्या खोलीचे. माझ्या मामांच्या स्टुडिओत लाल दिव्याखाली मी ते पाहिले. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, त्याच्याखाली फोटोपेपर असायचा, वरून निगेटिव्हमधून उजेड पडायचा. मामांकडे तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची एक चकती होती, भोवऱ्याएवढी. नवरीचा चेहरा काळवंडतोय असं वाटलं की ते ती चकती चेहऱ्याच्या वर धरायचे आणि सारखी हलवत राहायचे. थांबली तर कागदावर चकतीची गोल कड उमटते. तिथे उजेड कमी पोचला म्हणून चेहरा उजळ यायचा. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, पण फोटोपेपरवर उजेड जास्त पडेल तिथे काळं होतं. उजेडाला हुलकावणी दिली तो डॉज. आणि पांढऱ्याफटक आभाळासाठी ते पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच जागी आणखी काही सेकंद उजेड द्यायचे, तो बर्न.

बर्नला ‘जाळणे’ नको, ‘करपणे’ पाहा. भाकरी करपते तेव्हा डाग आणखी काळे होतात, पण ती राख होत नाही. ‘कलर बर्न’मध्ये खालचं शुद्ध पांढरं पांढरंच राहतं आणि आधीच सावळं असलेलं करपत जातं. ‘कलर डॉज’मध्ये उलट, शुद्ध काळं काळंच राहतं आणि बाकीचं लखलखतं.

उरलेल्यांपैकी ‘डार्कन’ आणि ‘लाइटन’ दोन आकड्यांतला लहान किंवा मोठा उचलतात, एवढंच. ‘डिफरन्स’ला ‘फरक’ अगदी चपखल बसतो. एकाच फोटोच्या दोन प्रती तंतोतंत जुळल्या की सगळं काळं होतं, आणि जिथे उजेडाची कड दिसते तिथे त्या सरकलेल्या असतात. ‘कलर’ हा मोड म्हणजे जुन्या स्टुडिओत कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरायचे तसा: छाया-प्रकाश खालचा, रंग वरचा. ‘ह्यू’ला ‘छटा’ लिहू नका, ‘छटा’ आपण फिक्या-गडदासाठीही वापरतो आणि मुलांचा गोंधळ होतो. नुसता ‘रंग’ लिहिलेला बरा.

मेनूतली नावं मात्र बदलू नका. उद्या ही मुलं डीटीपीच्या दुकानात किंवा फ्लेक्सच्या प्रेसमध्ये कामाला लागतील तिथे ‘हा लेयर मल्टिप्लाय कर’ असंच ऐकतील. टिपणांत ‘मल्टिप्लाय’ लिहावं आणि त्याखाली ‘गुणाकार: पांढरा जातो, काळा राहतो’ असं मराठी. आणि ज्या मुलीने हात वर केला होता तिला पुढच्या तासाला एक पिवळा आणि एक आकाशी जिलेटीन कागद द्या, खिडकीशी उभी करा आणि दोन्ही एकमेकांवर सरकवायला सांगा. फळ्यावरचं १२८ गुणिले १२८ त्यानंतर.