वाचकांचे प्रश्न : तालमीतून ‘डी-लाइन’कडे

महिन्याभरात आलेल्या क्रीडाविषयक पत्रांत अमेरिकन फुटबॉलमधल्या कोचच्या नोकरीबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त निघाली. सीमाभागातली मुलं शिकायला अमेरिकेत जातात. तिथं शनिवारी लाख माणसांनी भरलेलं स्टेडियम बघतात आणि घरी फोन करून ‘मला कोच व्हायचंय’ म्हणतात. घरच्यांचा गोंधळ होणारच. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

भाचा अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायलाय. तिथल्या कॉलेज फुटबॉल संघात ‘डिफेन्सिव्ह लाइन’च्या कोचच्या हाताखाली काम करतो म्हणतो. ही धड नोकरी आहे की नुसते हेलपाटे? पुढे काय मिळतं? — एक मामा, निपाणी

आधी एक गैरसमज दूर करू. बेळगावच्या मैदानांवर चालतो तो हा फुटबॉल नव्हे. हा हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ आहे. दोन्हीकडे 11 जण असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. अडवणाऱ्या संघातले अगदी पुढे, हात टेकून बसलेले तीन किंवा चार धिप्पाड गडी म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन, बोलीत डी-लाइन. मधल्यांचं वजन सहसा 130 ते 150 किलो, कडेच्यांचं 110 ते 125. एवढ्या एका ओळीसाठी स्वतंत्र कोच असतो. तुमचा भाचा त्याच्या हाताखाली आहे.

धंदा खरा आहे, पण पायऱ्या बऱ्याच आहेत. विद्यार्थी मदतनीस ही पहिली पायरी. दुसरी ग्रॅज्युएट असिस्टंट, तिकडच्या तोंडी ‘जीए’. जीए पदव्युत्तर वर्गात शिकत असतो. त्याची फी बहुतेक ठिकाणी माफ होते आणि वर थोडा भत्ता मिळतो. त्यानंतर विश्लेषक, मग पोझिशन कोच म्हणजे एका ओळीचा पूर्ण मालक, त्यावर डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे सगळ्या बचावाचा प्रमुख, आणि शेवटी हेड कोच. बहुतेकांचं आयुष्य पोझिशन कोचपर्यंत जातं, आणि त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या विद्यापीठांत या पदाला वर्षाला लाखो डॉलर मिळतात. तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात मात्र तोच माणूस डी-लाइन शिकवतो, वेट रूम सांभाळतो आणि कपडे धुतले गेले का तेही बघतो. सरकारी विद्यापीठांच्या कोचचे करार बहुतेक राज्यांत सार्वजनिक असतात. भाच्याला त्याच्या कोचचा करार शोधायला सांगा, आकडा दिसेल.

जीएचा हंगामातला आठवडा असा जातो. शनिवारी सामना. रविवारी त्याचा व्हिडिओ लावून प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक डाव तपासायचा : जागेवर उभा होता का, पहिलं पाऊल बरोबर पडलं का, हात कुठे लागले, नेमलेली फट (समोरच्या दोन गड्यांमधली जागा) राखली का, शेवटपर्यंत पळाला का. सामन्यात साठ-सत्तर डाव होतात. प्रत्येकापुढे अधिक किंवा उणे खूण करायची. सोमवारपासून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव कापून, वर्गवारी करून कार्डांवर काढायचे, म्हणजे सरावात दुय्यम संघ तेच खेळून दाखवतो. मंगळवार-बुधवार जोराचा सराव, गुरुवारी हलका. एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या नियमाने हंगामात खेळाडूंना आठवड्याला 20 तास आणि दिवसाला 4 तासांची मर्यादा आहे, एक दिवस सुट्टीही सक्तीची. कोचला ही मर्यादा नाही. पहाटे सहाला आत आणि रात्री दहाला बाहेर हे नेहमीचंच.

मग खेळाडू मिळवणं. कोचची किंमत निम्मी मैदानावर ठरते आणि निम्मी भरतीत. शाळेतल्या सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईला पटवता आलं पाहिजे. 2024 मध्ये नियम बदलला. तेव्हापासून सर्वोच्च श्रेणीत विश्लेषकांनाही मैदानावर शिकवता येतं, पण भरतीसाठी बाहेर फिरायची मुभा हेड कोच आणि दहा सहायकांनाच आहे. तुमच्या भाच्याला वर चढायचं असेल तर त्या दहांत शिरावं लागेल. 2018 पासून ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आहे, म्हणजे खेळाडू कॉलेज बदलायला मोकळा. त्यामुळे आपल्याच पोरांना दर जानेवारीत पुन्हा राजी करावं लागतं.

नोकरीची खात्री नाही हेही ऐकून ठेवा. हेड कोच गेला की नवा आपली माणसं आणतो आणि डी-लाइन कोचने काम चोख केलेलं असलं तरी त्याला बिऱ्हाड हलवावं लागतं. एड ऑर्जेरॉन हे मूळचे डी-लाइन कोच. एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) हेड कोच म्हणून त्यांनी 2019 च्या हंगामात 15 पैकी 15 सामने आणि राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने त्यांच्याशी फारकत जाहीर केली. त्यांना भरपाई भरघोस मिळाली. त्यांच्या हाताखालच्यांना तशी मिळत नाही.

मुलगा लाल मातीत आणि मॅटवरही खेळतो. कुस्तीचा डी-लाइनला उपयोग होतो असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं सवयी आड येतात. खरं काय? — एक वस्ताद, येळ्ळूर

दोन्ही खरं, आणि तुम्ही वस्ताद असल्यामुळे सविस्तर लिहितो.

उपयोगाचा दाखला आधी. कर्ली कल्प यांनी 1967 मध्ये अॅरिझोना स्टेटकडून एनसीएएचं हेवीवेट कुस्तीचं विजेतेपद मिळवलं. पुढे ते कॅन्सस सिटी आणि ह्यूस्टनकडून नोज टॅकल, म्हणजे ओळीच्या अगदी मध्यावर खेळले आणि 2013 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. कुस्तीतून त्यांच्याबरोबर काय आलं? खाली राहण्याची सवय, कंबरेचा जोर आणि हाताला हात लागताच समोरच्याचा तोल कुठे झुकलाय हे कळणं. खडाखडीत तुमची पोरं जे शिकतात तेच.

आता आड येणाऱ्या सवयी. पहिली वाट बघण्याची. कुस्तीत समोरच्याला खेळवून, दमवून डाव टाकता येतो. इथं क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, चेंडू फेकायला साधारण अडीच ते तीन सेकंद घेतो आणि तेवढ्यात खेळ संपतो. म्हणून डी-लाइनवाला चेंडूकडे बघून सुटतो. आवाजावर नाही, कारण समोरचा संघ आवाज बदलून फसवतो. आधी सुटून मधली रेषा ओलांडली तर 5 यार्डांचा दंड. सरावाला काठीच्या टोकाला चेंडू बांधा, तो जमिनीवर ठेवा आणि तोंडाने वाटेल ते ओरडत मध्येच काठी ओढा. पोराने चेंडू हलल्यावरच सुटायचं, पाच यार्ड पळायचं. दहा सुटींत दोनदा आवाजावर फसला तर त्याची नजर अजून चेंडूवर बसलेली नाही.

दुसरी बैठकीची. पैलवान पाय फाकवून, वजन मागे-पुढे समान ठेवून उभा राहतो, कारण धोका चारी बाजूंनी असतो. इथं तीन टेकूंवर बसायचं : पाय खांद्याएवढे, मागच्या पायाची बोटं पुढच्या पायाच्या मध्याशी, टेकलेला हात खांद्याच्या किंचित पुढे, वजन बोटांवर. हात झटकन काढला तर माणूस पुढे पडला पाहिजे. न पडला तर वजन मागे आहे. ढुंगण खांद्यांपेक्षा किंचित वर ठेवायचं. फार वर गेलं तर तोंडावर आपटतो, फार खाली असेल तर पहिलं पाऊल पुढे न पडता माणूस आधी उभा होतो. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक हीच. उभा झालेल्या गड्याच्या छातीखाली समोरच्या ओळीतला दीडशे किलोचा लाइनमन घुसला की तो पाच यार्ड मागे जातो. त्यावर उपाय म्हणून तिकडं लोखंडी पाइपचा छातीएवढा ठेंगणा मांडव असतो आणि त्याखालून सुटायला लावतात. डोकं वर आलं की पाइप लागतो. दोन बांबूंवर दोरी ताणूनही काम भागतं.

तिसरी आणि सगळ्यात हट्टी सवय म्हणजे मिठी. पैलवानाला पकड हवी असते. डी-लाइनवाल्याला पकड सोडायची असते, कारण समोरचा लाइनमन हे त्याचं लक्ष्य नसून मधला अडसर आहे. चेंडू नसलेल्या माणसाला कवेत घेऊन ठेवलं तर 10 यार्डांचा दंड, आणि त्यात चेंडूवाला बाजूने निघून जातो. योग्य क्रम असा : तळहाताचा मणगटाजवळचा भाग समोरच्याच्या छातीवर, काखेच्या आतल्या बाजूला हाणायचा. अंगठे वर, कोपर बरगड्यांना चिकटलेले. मग हात सरळ करून त्याला लांब ठेवायचा, त्याच्या खांद्यावरून चेंडू कुठे आहे ते बघायचं, आणि एका हाताने ओढून दुसऱ्याने ढकलत बाजूला पडायचं. कोपर बाहेर गेले की हात बाहेरून लागतात आणि समोरच्याला आत शिरायला जागा मिळते. हे आधी गुडघ्यांवर बसून शिकवा. पाय बाद झाले की हातांची चूक लगेच दिसते.

दोघे मिळून एकाला ढकलतात तेव्हा काय करायचं हे पैलवानाला कुणी शिकवलेलं नसतं. मागे जाऊन दोघांशी झुंजू नये. ज्या बाजूने दुसरा येतोय तो खांदा आणि कंबर खाली टाकायची, वेळ पडली तर गुडघा टेकायचा, पण जागा सोडायची नाही. आणि कुणीच अडवायला आलं नाही तर खूश होऊन आत धावायचं नाही. थांबून आतल्या बाजूला बघायचं. आडव्या अंगाने धावत येणारा गार्ड (समोरच्या ओळीतला एक गडी) तुमच्याच मापावर निघालेला असतो.

जागांना आकडे आहेत, ते पाठ करून घ्या. समोरच्या ओळीत मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्याबाहेर टॅकल आणि कडेला टाइट एंड. समोरच्या सेंटरच्या नाकासमोर 0, त्याच्या एका खांद्यावर 1, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर 3, टॅकलच्या बाहेर 5, टाइट एंडच्या बाहेर 9. फटींना अक्षरं : सेंटर-गार्डमधली ए, गार्ड-टॅकलमधली बी, तिच्याबाहेर सी. कोच ‘थ्री’ म्हणाला की गडी गार्डच्या बाहेर बसतो आणि बहुतेकदा बी फट त्याच्या ताब्यात असते. ज्याला हे समजतं त्याला मीटिंगमध्ये बसवून घेतात. नाहीतर बॅगा उचलायचं काम मिळतं.

मानेची मेहनत मात्र सोडू देऊ नका. टक्कर देताना डोकं वर आणि नजर समोर. डोकं खाली घालून धडकणं मणक्याला घातक आहे, आणि हेल्मेटच्या टोकाने मारलं तर कॉलेज फुटबॉलमध्ये 2013 पासून 15 यार्डांबरोबर मैदानाबाहेर जावं लागतं.

मुलगी तिथं कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करते. फुटबॉल संघात विनामोबदला मदत करायला बोलावलंय. व्हिसाला अडचण येईल का? — एक आई, टिळकवाडी

येऊ शकते, म्हणून हो म्हणण्याआधी तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लेखी विचारावं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. फुटबॉलच्या हंगामात 20 तास बुधवारपर्यंतच संपतात. ‘पगार नाही म्हणजे काम नाही’ असंही समजू नये, एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम फुकट करणंही गोत्यात आणू शकतं.

दुसरी अडचण शिक्षण संपल्यावर येते. ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीवर) 12 महिने काम करता येतं, पण ते शिकलेल्या विषयाशी थेट जोडलेलं असावं लागतं. कॉम्प्युटर सायन्सवर मैदानातलं कोचिंग बसत नाही, सामन्यांच्या माहितीचं विश्लेषण बसू शकतं, आणि संघांना अशी माणसं हवी असतात. तिने व्हिडिओ आणि आकडेवारीच्या बाजूने शिरावं असं आमचं मत. कोचिंगच करायचं ठरवलंच तर किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर वर्गात जीएची जागा शोधावी. एक सोय अशी की विद्यापीठाने एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज केला तर तो वार्षिक कोट्यात मोजला जात नाही. पण दर दोन वर्षांनी संघ बदलणाऱ्या माणसासाठी कागदपत्रं करायला प्रत्येक कॉलेज तयार होईलच असं नाही.

शाळेत फ्लॅग फुटबॉल सुरू करावा म्हणतो. तो ऑलिंपिकमध्ये आला ना? डी-लाइनचं तंत्र त्यात शिकवू का? — एक शिक्षक, खानापूर

आला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या सभेतच 2028 च्या लॉस एंजेलिससाठी त्यावर शिक्कामोर्तब झालं. पण डी-लाइन त्यात नाहीच. पाच विरुद्ध पाच, अंगाला अंग लावायचं नाही, अडवायचं नाही, कंबरेची पट्टी ओढली की डाव संपला. क्वार्टरबॅकवर धावणारा गडी 7 यार्ड मागून सुटतो. त्याला चेंडू बघून सुटणं आणि कडेने झुकून वळणं एवढंच वरच्या उत्तरातलं शिकवा, हातांचं काही नको. मैदान 25 यार्ड रुंद आणि दोन्ही टोकांचे पट्टे धरून 70 यार्ड लांब, म्हणजे साधारण 23 बाय 64 मीटर. कापडी पट्ट्या घरी शिवल्या तरी चालतात, फक्त गाठ मारायची नाही, नुसती खोचायची. गाठीने पोर ओढलं जाऊन पडतं.

तिकडं चार वर्षं कोचिंग करून मुलगा परत आला तर बेळगावात काय? — एक वाचक, चिकोडी

त्या अनुभवावर थेट नोकरी नाही. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या कोचिंग पदविकेत अमेरिकन फुटबॉल नाही. कॉलेजात फिजिकल डायरेक्टर व्हायचं तर एमपीएडला 55 टक्के आणि नेट किंवा स्लेट लागते, शाळेसाठी बीपीएड. त्यामुळे जाण्याआधीच इथलं बीपीएड हातात असावं. व्हिडिओ विश्लेषण आणि वेट ट्रेनिंग या दोन गोष्टी मात्र कबड्डी-कुस्तीच्या संघांनाही लागतात. तिथं असतानाच त्यांची प्रमाणपत्रं घेऊन ठेवायला सांगा.