पीटर वॉन यांची 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आधीची कामं कुठून पाहायला घ्यावीत?

मेस्टर एमनच्या भूमिकेमुळे हे ब्रिटिश नट वॉन तुम्हाला आवडले आणि आता त्यांची जुनी कामं शोधताय, तर 'पॉरिज' आधी पाहा. बीबीसीची १९७४ ते १९७७ मधली तुरुंगातली विनोदी मालिका. वॉन त्यात कैद्यांचा दादा, हॅरी ग्राउट. पहिल्या भागापासून त्यांची वाट पाहत बसू नका, कारण अख्ख्या मालिकेत ते तीनच भागांत आहेत: 'द हार्डर दे फॉल', १९७५च्या नाताळचा 'नो वे आउट' आणि 'स्टॉर्म इन अ टीकप'. पहिल्यात ग्राउटला बॉक्सिंगची लढत ठरवून हरवायची आहे आणि ते काम तो मालिकेचा नायक असलेल्या कैदी फ्लेचरच्या गळ्यात घालतो. आवाज चढत नाही, हात उठत नाही, बोलणं अगदी गोड. तरी फ्लेचरसारख्या बेरकी माणसाला नाही म्हणता येत नाही. वॉन यांची ताकद ती हीच.

जन्म १९२३चा, श्रॉपशरमधल्या वेम गावातला. मूळ आडनाव ओम. उमेदवारी वुल्व्हरहॅम्प्टनच्या रेपर्टरी नाटक कंपनीत झाली. तिथे तोच नटसंच एकामागून एक नवी नाटकं उभी करायचा, त्यामुळे वयाला न शोभणाऱ्या भूमिकाही अंगवळणी पडायच्या. पडद्यावर मात्र थोराड बांधा आणि बारीक डोळ्यांमुळे वाट्याला बहुतेक पोलीस नाहीतर गुंड आले. 'स्ट्रॉ डॉग्ज' (१९७१) त्यातलाच, पण त्यातली लैंगिक हिंसा फार अंगावर येते, तेव्हा जपून. 'सिटिझन स्मिथ' या विनोदी मालिकेत वॉन नायकाच्या मैत्रिणीचा बाप आहेत; तिची पहिली दोनच पर्वं पाहा. पुढे त्याच बापाच्या भूमिकेत टोनी स्टीडमन आहेत.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम 'अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ' (१९९६). फेलिक्स हचिन्सन हा १९३६च्या जॅरो मोर्चात, म्हणजे बेकारांच्या लंडनपर्यंतच्या पदयात्रेत, चाललेला, पुढे राजकारणावरचा विश्वास उडालेला बाप. शेवटाकडे स्मृतिभ्रंश त्याला गाठतो. कथा १९६४ ते १९९५ अशी पसरलेली आहे आणि भाग नऊच, म्हणून एकही गाळू नका. सुरुवातीचा ताठ, कडवट फेलिक्स पाहिलेला नसेल तर शेवटचा हरवलेला चेहरा नुसता एका आजारी म्हाताऱ्याचा वाटेल.

मग 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९९३) घ्या. मुंबईच्या इस्माइल मर्चंट यांची निर्मिती. वॉन त्यात अँथनी हॉपकिन्सचे वडील, तेही बटलरच. ट्रे घेऊन जाताना ते अडखळून पडतात, तो प्रसंग नीट पाहा.

एवढं झालं की 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या पर्वाचा नववा भाग पुन्हा लावा. प्रेम आणि कर्तव्य यांबद्दल एमन जॉन स्नोशी बोलतो, तेव्हा वॉन यांची स्वतःची नजरही बरीच अधू झालेली होती.