ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी सगळे कोटावर लाल पॉपी, म्हणजे एक कागदी फूल, लावतात. भारतीयाने ती लावावी का?

लावा. पण ऑफिसातले सगळे लावतात म्हणून लावणार असाल तर राहू द्या. ‘ही गुलामीची खूण नाही का?’ असं तुम्ही प्रश्नात पुढे विचारलंय, म्हणून हे उत्तर लांबणार.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. पणजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून इराकमधल्या बसऱ्याकडे गेला आणि तिकडेच राहिला. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिकडच्याच कूत शहराला वेढा घातला, तेव्हा आत इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात आपल्या मराठा पलटणी. घोडे, खेचरं कापून खायची वेळ आली. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती, मग कैद्यांची वाळवंटातून पायपीट. आमचा माणूस नेमका कुठे पडला हे सांगायला गावात कोणी परत आलं नाही.

बसऱ्याला इंग्रजांनी १९२९ मध्ये चाळीस हजारांवर मृतांचं स्मारक उभारलं. गोऱ्या शिपायांची त्यावर नावं कोरली. हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा! युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने असल्या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये.

हे सगळं माझ्या मावसभावाला पाठ आहे. इथे ब्रिटनमध्ये आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला मी पैठणीच्या पदरावर पॉपी लावून गेले, तर हातात फराळाची बशी घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘ताई, हे कोणाच्या नावाचं कुंकू?’’ लोक हसले. मी म्हटलं, इंग्रजांनी नाव लिहिलं नाही, मान्य. आपण कुठे लिहिलं? गावात चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. तिथेही आकडाच. पाटीवर ऑइलपेंट फासलाय आणि वरून नळपाणी योजनेचा फलक ठोकलाय. त्याचा एक स्क्रू बरोबर ‘प्राण दिले’च्या आकड्यातून गेलाय. तू दरवर्षी जत्रेला जातोस, तो फलक कधी हलवायला सांगितलास? तर म्हणे, ‘‘विषय तो नाहीये.’’

विषय तोच आहे. त्या माणसासाठी दुसरं कोणी काही करत नाही, म्हणून मी लावते. राजासाठी नाही.

बाकी तुम्हाला हवी ती माहिती: फूल अफूचं नाही, बेल्जियमकडच्या फ्लँडर्स या रणभूमीच्या उखडलेल्या शेतांत उगवणारं रानफूल आहे. ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था १९२१ पासून त्याची पॉपी विकते, पैसे माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना जातात. किंमत ठरलेली नसते, डब्यात टाकाल ते. ऑक्टोबरअखेरीपासून ११ नोव्हेंबरपर्यंत लावतात. डावीकडे की उजवीकडे यावर लोक वाद घालतात, नियम काही नाही. हिंदी सैनिकांच्या आठवणीसाठी २०१८ मध्ये लीजनने खादीची पॉपीही काढली होती. हिऱ्यामोत्यांच्या पॉपी ब्रोचचं मात्र मला हसू येतं. कागदाची घ्या, टाचणी नीट खोचा, नाहीतर ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, पडते.

हो, एक राहिलं. न लावणाऱ्याला नावं ठेवू नका. जेम्स मॅक्लीन हा उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा फुटबॉलपटू लावत नाही, कारण १९७२ मध्ये त्याच्या गावात ब्रिटिश सैन्याने मोर्चातल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. जालियनवाला बाग आठवून तुम्हालाही नको वाटली तर तेही मला पटतं. शांततावाद्यांची पांढरी पॉपी १९३३ पासून आहे, ती लावा. एवढंच, की न लावण्याला कारण तरी असावं, नुसता टोमणा नको.

आणि मावसभाऊ हे वाचत असेलच, तर त्याला: ७ डिसेंबरला आपला ध्वजदिन असतो. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निधी घेतात. यंदा पावती फॅमिली ग्रुपवर टाक, मग माझ्या पदराचं बघू.