साठे कोणाच्या जमिनीत आहेत, एवढ्यावरून फार काही कळत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: तेलाचं महत्त्व कमी होत जाईल तसे लिथियम, कोबाल्ट आणि रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा धातू) ज्यांच्या जमिनीत आहेत ते देश उद्याचे सौदी अरेबिया होतील का, आणि त्यांची ओपेकसारखी (तेल निर्यातदार देशांच्या गटासारखी) संघटना उभी राहील का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते जरा सविस्तर देतो. मोटारींना लागणारी चुंबकं आणि मिश्रधातू खरेदी करण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्या कामात एक सवय लागते. माल कोणत्या खाणीतून निघाला यापेक्षा तो शुद्ध कुठे झाला, हे आधी विचारायचं. देशांच्या ताकदीचा अंदाज घेतानाही हाच प्रश्न आधी विचारावा असं माझं ठाम मत आहे.

तेलापासून सुरुवात करू. तेल धान्यासारखं आहे, खनिजं भांड्यांसारखी. धान्य रोज संपतं. नवी भांडी मिळाली नाहीत तरी घरातली चालू राहतात. म्हणूनच १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा काही महिन्यांतच भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ गेला आणि त्याची झळ थेट सामान्य माणसाला बसली. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली ती यातूनच. निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा बाळगण्याचं बंधन तिचे सदस्य देश आजही पाळतात. २०२४ मध्ये एकट्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून दिवसाला सुमारे २ कोटी पिंपं तेल जात होतं, म्हणजे जगाच्या वापराचा जवळपास पाचवा हिस्सा. तिथे नुसती तणावाची बातमी आली तरी भाव हलतो.

खनिजं रोखली तर रस्त्यावरच्या विजेच्या गाड्या धावतच राहतात, बसवलेल्या पवनचक्क्याही फिरत राहतात. थांबतात ते कारखाने. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यं आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. त्यानंतर चुंबकांच्या तुटवड्यामुळे फोर्डला शिकागोमधला एक्सप्लोररचा कारखाना आठवडाभर बंद ठेवावा लागला आणि सुझुकीला जपानमधलं स्विफ्टचं उत्पादन थांबवावं लागलं. गाडीच्या किमतीत या चुंबकांचा वाटा नगण्य असतो, पण त्यांच्यावाचून गाडी कारखान्याबाहेर पडत नाही. हा दबाव पेट्रोलपंपावर दिसत नाही, त्यामुळे लोकांपर्यंत त्याचं गांभीर्य पोचत नाही. राज्यकर्त्यांपर्यंतही ते उशिराच पोचतं.

आता मुख्य मुद्दा. रेअर अर्थ म्हणजे १७ मूलद्रव्यं. पृथ्वीच्या कवचात ती काही फार विरळ नाहीत. अडचण अशी की खडकात ती एकत्र असतात आणि रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखीच वागतात. ती वेगळी करायची तर आम्ल आणि सेंद्रिय द्रावकांच्या टाक्यांमधून द्रावण शेकडो पायऱ्यांनी फिरवावं लागतं, आणि प्रत्येक पायरीत अगदी किंचित फरक पडतो. खनिजाचं मिश्रण बदललं की सगळं गणित पुन्हा बसवावं लागतं. हे ज्ञान कारखाना दशकानुदशकं चालवलेल्या माणसांच्या हातात असतं, नुसत्या आराखड्यावरून ते उचलता येत नाही. त्यात खनिजाबरोबर थोरियम येतं, म्हणजे किरणोत्सारी कचऱ्याचा प्रश्न आलाच. मलेशियातल्या बुकित मेराहचा रेअर अर्थ कारखाना स्थानिकांच्या दीर्घ लढ्यानंतर १९९०च्या दशकात बंद झाला आणि तिथल्या कचऱ्याची विल्हेवाट पुढे कित्येक वर्षं चालली. श्रीमंत देशांनी हा उद्योग हातचा जाऊ दिला याचं एक मोठं कारण हे आहे: घाण आपल्या दारात नको होती. ती घाण चीनमधल्या बाओतोऊ या रेअर अर्थ उद्योगाच्या शहराच्या आसपासच्या लोकांच्या वाट्याला आली, आणि ते विसरून फक्त 'चीनने बाजार काबीज केला' असं म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं.

कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण एके काळी जगातला रेअर अर्थचा सर्वांत मोठा स्रोत होती. निओडिमियम या रेअर अर्थपासूनचं चुंबक विकसित करणाऱ्यांपैकी एक होती जनरल मोटर्स. तिने आपली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५ मध्ये ज्या गटाला विकली त्यात चिनी कंपन्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत उत्पादन चीनला हललं. खाण अमेरिकेतच राहिली, पण पुढे नवे मालक आल्यावरही तिथलं खनिज शुद्धीकरणासाठी कित्येक वर्षं चीनला जात होतं. ते थांबलं २०२५ मध्ये. आज चुंबकांना लागणाऱ्या रेअर अर्थच्या खाणकामात चीनचा वाटा साधारण ६० टक्के आहे, शुद्धीकरणात ९० टक्क्यांच्या आसपास आणि तयार चुंबकांमध्ये त्याहूनही थोडा जास्त. खाणीपासून जितकं पुढे जावं तितकी पकड घट्ट होत जाते. डिसेंबर २०२३ मध्ये चीनने शुद्धीकरणाचं आणि चुंबकं बनवण्याचं तंत्रज्ञान बाहेर नेण्यावरच बंदी घातली. खरी ताकद कशात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

इतर धातूंचंही तसंच. जगातलं ७० टक्क्यांहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतं, पण शुद्ध होतं मुख्यतः चीनमध्ये. लिथियमच्या खाणकामात ऑस्ट्रेलिया पहिला, आणि तिथलं जवळपास सगळं खनिज चीनला जातं. अणुऊर्जेत हाच नमुना वेगळ्या नावांनी दिसतो. जगातलं सुमारे ४० टक्के युरेनियम कझाकस्तान काढतो, पण युरेनियम समृद्ध करण्याची, म्हणजे अणुभट्टीत इंधन म्हणून वापरण्याजोगं करण्याची, जगातली ४० टक्क्यांहून जास्त क्षमता रशियाकडे आहे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर अमेरिकेने रशियन तेलाची आयात काही आठवड्यांत बंद केली. रशियाच्या समृद्ध युरेनियमवर बंदीचा कायदा यायला मे २०२४ उजाडलं, आणि त्यातही २०२७ अखेरपर्यंत सवलतीची सोय ठेवावी लागली.

तेल आणि खनिजं हे दोन वेगळे विषय मानू नका, असंही सुचवेन. चीन जगातला सर्वांत मोठा कच्च्या तेलाचा आयातदार आहे. २०२४ मध्ये दिवसाला सुमारे १.१ कोटी पिंपं. त्यातलं बरंचसं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं, आणि तिथे आपली नाकेबंदी होऊ शकते ही चिंता बीजिंगला वीस वर्षांहून अधिक काळ आहे. २०२४ मध्ये तिथल्या नव्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या विजेच्या किंवा प्लग-इन हायब्रिड होत्या. यात हवामानाचा विचार आहेच, पण आयात तेलापासून सुटका हाही हेतू आहे. स्वतःचं दुबळेपण कमी करता करता त्याच वाटेवर दुसऱ्यांना अवलंबून ठेवणारी साखळी उभी राहिली. ही आखणी किती दूरदृष्टीची होती हे मान्य करायला हवं.

आता चर्चेत सहसा न येणारी गोष्ट. यातले कितीतरी धातू स्वतंत्र खाणीतून निघतच नाहीत. चिप्ससारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागणारं गॅलियम मिळतं बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना बनवताना, जर्मेनियम जस्ताबरोबर किंवा कोळशाच्या राखेतून, काँगोतलं कोबाल्ट तांब्याबरोबर. म्हणजे गॅलियमचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी गॅलियमची खाण उघडू शकत नाही. ते वेगळं काढण्याची यंत्रणा आधी कुठल्यातरी अ‍ॅल्युमिना कारखान्याला जोडावी लागते, आणि वर्षाला हजार टनांच्याही आत असलेल्या बाजारासाठी तो मालक एवढा खटाटोप का करेल? चीनकडे अ‍ॅल्युमिनाचे कारखाने अफाट आहेत, म्हणून जगातलं ९५ टक्क्यांहून जास्त प्राथमिक गॅलियम त्याच्याकडे. ऑगस्ट २०२३ पासून त्याने गॅलियम आणि जर्मेनियमवर निर्यात परवाना लावला, डिसेंबर २०२४ मध्ये अँटिमनीसह तिन्हींची अमेरिकेला होणारी निर्यातच बंद केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी वर्षभरासाठी स्थगित केली. नळ उघडता-बंद करता येतो हे दाखवणं हाच यातला मोठा भाग आहे.

मात्र माझ्या मते बंदीपेक्षा मोठं हत्यार आहे स्वस्त भाव. बंदी घातली की समोरचा जागा होतो. भाव पाडला की तो शांतपणे दिवाळखोरीत जातो. माउंटन पास पुन्हा सुरू करणारी मॉलिकॉर्प ही कंपनी २०१५ मध्ये अशीच बुडाली. लिथियमचा भाव २०२२ च्या शिखरावरून दोन वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घसरला आणि चीनबाहेरचे कितीतरी प्रकल्प रखडले. हे सगळं ठरवून झालं असं मी म्हणत नाही. अतिउत्पादनाचाही त्यात वाटा आहे. पण परिणाम तोच. खाण शोधल्यापासून उत्पादन सुरू व्हायला सरासरी १५ वर्षांहून जास्त लागतात, आणि इतका काळ भाव टिकेल याची हमी कुठलीच बँक देत नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने माउंटन पासच्या सध्याच्या मालकांशी, एमपी मटेरियल्सशी, करार केला आणि निओडिमियम-प्रॅसिओडिमियम या चुंबकांच्या मुख्य रेअर अर्थना किलोमागे किमान ११० डॉलरची हमी दिली. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या देशाने हमीभाव द्यावा, यावरूनच परिस्थिती कळते.

ओपेकबद्दल तुम्ही विचारलंय, त्यासाठी इंडोनेशियाकडे पाहा. जानेवारी २०२० पासून त्यांनी निकेलच्या कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली: निकेल हवं तर कारखाना इथे येऊन टाका. जागतिक व्यापार संघटनेत निकाल विरोधात गेला, त्यांनी अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच ठप्प असल्याने धोरण चालू राहिलं. आज जगातलं निम्म्याहून अधिक निकेल तिथून निघतं. या स्वस्त निकेलपुढे बीएचपी या बड्या खाण कंपनीला २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातलं आपलं निकेलचं काम थांबवावं लागलं. पण मोरोवालीसारख्या ठिकाणच्या कारखान्यांमागे भांडवल आणि तंत्र बहुतांश चिनी आहे, आणि विजेसाठी भरमसाट कोळसा जळतो आहे. काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यात रोखली, ऑक्टोबरपासून कोटा लावला. भाव वाढले खरे, पण कोबाल्ट निकेलबरोबर इंडोनेशियातूनही येतं, आणि लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला कोबाल्ट लागतच नाही. तेलाला असा पर्याय दोन-चार वर्षांत सापडत नव्हता. म्हणून एका धातूची ओपेक फार काळ टिकेल असं मला वाटत नाही.

यातून बाहेर पडता येतं का? जपानचं उदाहरण सर्वांत प्रामाणिक आहे. २०१० मध्ये सेन्काकू बेटांजवळ चिनी आणि जपानी बोटींच्या टकरीनंतर चीनमधून येणारा त्याचा रेअर अर्थ पुरवठा अडला. त्याने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला सरकारी पाठबळाने २५ कोटी डॉलर दिले, साठे केले, होंडाने २०१६ मध्ये डायडो स्टीलबरोबर जड रेअर अर्थ (डिस्प्रोशियम, टर्बियम) नसलेलं चुंबक गाडीत आणलं. चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांच्या आसपास होतं, ते सुमारे ६० टक्क्यांवर आलं. एवढ्या शिस्तीच्या देशाला दशकभरात एवढंच जमलं, हे लक्षात ठेवा.

भारताबद्दल बोलायचं तर साठ्यांच्या यादीत तो वरच्या काही देशांत येतो. केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ आणि थोरियम असलेलं खनिज आहे. आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५० पासून या कामात आहे, तरी थोरियममुळे हे खनिज अणुऊर्जेच्या नियमांत राहिलं आणि पुढचा उद्योग उभा राहिला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडल्याची केवढी चर्चा झाली! तो प्राथमिक अंदाज होता, आणि लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत. त्या मानाने नोव्हेंबर २०२५ मधली चुंबकांची योजना मला जास्त महत्त्वाची वाटते: ७,२८० कोटी रुपये, वर्षाला ६,००० टन क्षमतेचं उद्दिष्ट, आणि भर खाणीवर नसून कारखान्यावर. तिची खरी परीक्षा डिस्प्रोशियम आणि टर्बियमपाशी होईल. मोटर तापली तरी चुंबक टिकावं म्हणून ते लागतात, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये ते काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. शेजारच्या म्यानमारमध्ये, काचिन प्रांतात, ते आहेत. पण तो भाग सशस्त्र गटांच्या ताब्यात आहे आणि तिथला माल सीमेपलीकडे चीनला जातो, कारण तो वेगळा करणारे कारखाने तिकडेच आहेत.